एक मन म्हणते जा, दुसरे म्हणते नको

‘एक मन म्हणत होतं बोलून टाकावं, दुसरं म्हणत होतं गप्प बसावं.’ असे वाक्य आपण प्रत्येकानेच कधी ना कधी उच्चारलेले असते आणि ऐकणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. मन एकच असले तरी त्यात अनेक मते नांदतात, हे आपल्या भाषेने फार पूर्वीच मान्य केले आहे. मन कचरते, मन खाते, मन उभारी धरते, मन माघार घेते. बहुतेक वेळा ही आतली कुरबूर तासाभरात मिटते. काहींच्या बाबतीत मात्र ती वर्षानुवर्षे चालते, झोप घालवते आणि घरातली शांतता बिघडवते. अशा आतल्या भांडणाचे मूळ पुष्कळदा एखाद्या जुन्या आघातात असते. हे भांडण दाबून न टाकता सर्व बाजूंचे ऐकून घेऊन मिटवण्याची एक उपचारपद्धती गेल्या चाळीस वर्षांत पुढे आली आहे. आज तिची ओळख करून घेऊ.

दवाखान्यात दिसणारी रूपे

‘डॉक्टर, माझ्या मनावर आघात झाला आहे,’ असे सांगत आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरकडे सहसा कोणी येत नाही. रुग्ण येतो तो छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, पोटात जळजळ, मानदुखी किंवा ‘झोप लागत नाही, काहीतरी गोळी द्या’ अशी तक्रार घेऊन. अशा वेळी पहिले काम शरीर तपासण्याचे. रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड यांची तपासणी केल्याशिवाय ‘हे मनाचे आहे’ असे कोणी म्हणू नये. सर्व अहवाल बरे आले आणि तरीही त्रास चालू राहिला, तर रुग्णाशी दहा मिनिटे जास्त बोलावे लागते. मग हळूच एखादी तारीख बाहेर येते.

मुंबईच्या उपनगरांत अशा तारखांना तोटा नाही. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाजवळ बसमध्ये स्फोट झाला. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलच्या डब्यात झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि हजारो माणसे रात्रभर पाण्यात अडकली. त्याला वर्ष होते न होते तोच ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही नावे त्या संध्याकाळशी कायमची जोडली गेली. अगदी अलीकडे, १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर अजस्र जाहिरात फलक कोसळून १७ माणसे गेली.

या मोठ्या घटनांची निदान नोंद तरी होते. घरातल्या आघातांची तीही होत नाही. दारुड्या बापाच्या पावलांची चाहूल लागताच पांघरुणात दडणारे मूल, वर्गात सर्वांसमोर अपमान झालेला विद्यार्थी, ओळखीच्याच माणसाने गैरफायदा घेतलेली मुलगी, ही सारी पुढे मोठी होतात, नोकरी-संसार करतात. आतले ते मूल मात्र तिथेच थांबलेले असते.

आघाताने नेमके काय होते

संकट समोर आले की मेंदूतील धोक्याची घंटा वाजते. अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय जोरात धडधडते, स्नायू ताठ होतात. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी ही तयारी असते आणि ती उपयोगाचीच आहे. संकट टळल्यावर घंटा थांबायला हवी. बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआप थांबते. घरच्यांचा आधार, नेहमीचे काम आणि झोप एवढ्यावर माणूस सावरतो. म्हणून कोणत्याही अपघातानंतर प्रत्येकाला मानसोपचार हवेतच असे नाही.

काहींच्या बाबतीत घंटा थांबत नाही. प्रसंग भूतकाळात जमा होण्याऐवजी तुकड्या-तुकड्यांनी परत येतो. जळका वास, फटाक्याचा आवाज, रॅकवर ठेवलेली बेवारस पिशवी एवढे निमित्त पुरते. दुःस्वप्ने पडतात, त्या जागा टाळल्या जातात, माणूस सतत सावध आणि चिडका होतो. महिना उलटूनही हे चालू राहिले तर तो आजार समजावा. वैद्यकशास्त्राने १९८० साली त्याला स्वतंत्र नाव दिले : पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातोत्तर तणावविकार. हा भित्रेपणा नव्हे आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हे.

आतले एकत्र कुटुंब

रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकेतील कौटुंबिक समुपदेशक. एका माणसाचे दुखणे समजून घ्यायचे तर त्याच्या घरातल्या सर्वांचे परस्परांशी नाते पाहावे, असे त्यांचे शिक्षण होते. १९८० च्या दशकात खाण्यावर ताबा न राहणाऱ्या तरुण रुग्णांवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आले, की हे रुग्ण स्वतःबद्दलही एखाद्या कुटुंबाबद्दल बोलावे तसे बोलतात. ‘माझा एक भाग मला सारखा टाकून बोलतो, दुसऱ्याला ते सहन होत नाही, मग तिसरा मला खायला लावतो.’ श्वार्ट्झ यांनी हे शब्द गांभीर्याने घेतले. त्यातून जी पद्धत उभी राहिली तिला ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’, आपल्या भाषेत ‘अंतर्गत कुटुंब पद्धती’ म्हणतात. तिच्यावरील त्यांचे पुस्तक १९९५ साली आले. मनाचे भाग मानण्याची कल्पना त्याआधीचीच आहे. फ्रॉइड यांनी तीन भाग सांगितले होते आणि एरिक बर्न यांनी प्रत्येकात एक पालक, एक प्रौढ व एक बालक असते असे मांडले होते. श्वार्ट्झ यांचे वेगळेपण असे, की त्यांच्या मते कोणताही भाग मुळात वाईट नसतो.

चाळीतल्या एकत्र कुटुंबाची कल्पना करा. आतल्या खोलीत एक दुखावलेले मूल आहे. त्याचे रडणे बाहेर ऐकू गेले तर घर कोसळेल या भीतीने त्याला तिथे कोंडून ठेवले आहे. हा मनाचा पहिला प्रकारचा भाग : जुनी भीती, शरम, अपराधीपणा वाहणारा.

दुसरे असतात कारभारी. त्या खोलीचे दार उघडलेच जाऊ नये म्हणून ते दिवसभर राबतात. सर्वांची मने सांभाळणे, कामात एकही चूक न होऊ देणे, गर्दीच्या जागा टाळणे, स्वतःला सतत बोल लावणे ही त्यांची कामे. बाहेरून असा माणूस फार व्यवस्थित आणि कर्तबगार दिसतो.

तिसरे बंबवाले. कारभाऱ्यांना चकवून रडणे बाहेर आलेच तर हे धावत येतात. आग लागली की बंबवाला पाण्याने घरातल्या गाद्या भिजतील का, पुस्तके खराब होतील का याचा विचार करीत नाही. तसेच हे भाग दारू, संतापाचा उद्रेक, बेसुमार खाणे, तासन्‌तास मोबाइल असे हाताला लागेल ते वापरून वेदना विझवतात. नुकसान नंतर दिसते.

या सर्वांच्या मध्ये प्रत्येक माणसात एक शांत, जाणते, मायाळू केंद्र असते असे ही पद्धत मानते. त्याला आपण घरातले जाणते माणूस म्हणू. उपचाराचा हेतू कोणाला हाकलण्याचा नसून या जाणत्या माणसाच्या हाती घराची सूत्रे परत देण्याचा असतो.

मनाशी बोलणे आपल्याला नवे नाही. समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक मनाला उद्देशूनच आहेत आणि आपल्यापैकी अनेकांनी ते लहानपणी पाठ केले आहेत. तेथे मनाला उपदेश आहे. या उपचारात मनाला प्रश्न विचारले जातात आणि उत्तराची वाट पाहिली जाते. दोन्हींची जागा वेगळी, पण मनाशी बोलणारा माणूस वेडा नव्हे, एवढे तरी आपल्याला वेगळे शिकावे लागत नाही.

उपचार कसा चालतो

पुढील उदाहरण एका व्यक्तीचे नाही. अनेकांच्या हकिगतींमधून, ओळख पटू नये अशा रीतीने ते जुळवले आहे.

बोरिवलीचे एक गृहस्थ. फोर्टमधल्या कचेरीत नोकरी. ११ जुलै २००६ रोजी वय चाळीस. स्फोट झालेल्या गाडीत ते शेजारच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यात होते. त्यांना खरचटलेसुद्धा नाही. त्या संध्याकाळी रुळांलगतच्या वस्त्यांतील लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांच्या झोळ्या करून जखमींना उचलून नेले, हे मुंबईकरांच्या स्मरणात आहे. हे गृहस्थही अशीच एक चादर धरून चालले. चादरीतल्या तरुणाने त्यांचा हात घट्ट धरला होता. त्याला मिळेल त्या वाहनात चढवले, हात सुटला, वाहन गेले. तो जगला की नाही, हे त्यांना कधीच कळले नाही.

चार दिवसांनी ते कामावर रुजू झाले. सगळ्यांनी कौतुक केले. पण तेव्हापासून ते डब्यात दारापाशीच उभे राहू लागले. रॅकवरची प्रत्येक बॅग कोणाची ते विचारू लागले. मुलगा घरी यायला दहा मिनिटे उशीर झाला की घर डोक्यावर घेत. रात्री दोन पेग घेतल्याशिवाय झोप येईना. पत्नी म्हणे, ‘अहो, किती वर्षं झाली आता! सोडा ना तो विषय.’ ते उत्तर देत, ‘कोणता विषय? मला काही झालेलंच नाही.’ पुढे २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या खटल्यात शिक्षा झालेल्या आरोपींना निर्दोष ठरवले आणि एकोणीस वर्षांपूर्वीची छायाचित्रे पुन्हा डोळ्यांसमोर आली. निकालाची चर्चा या सदराचा विषय नाही. या गृहस्थांची झोप मात्र त्या आठवड्यात पूर्ण उडाली आणि छातीत दुखते म्हणून ते दवाखान्यात आले.

हृदय, यकृत तपासून, दारू वैद्यकीय देखरेखीखाली कमी करून, मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांना या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले. तिथे पहिल्याच भेटीत ‘त्या दिवशी काय झाले ते सांगा’ असे कोणी म्हटले नाही. विचारले ते असे : ‘डब्यात शिरताना शरीरात कुठे काय जाणवतं?’ ते म्हणाले, ‘छातीवर कुणीतरी हात रोखून उभं आहे असं वाटतं.’ ‘त्याच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ ‘वैताग आलाय त्याचा.’ ‘मग त्या वैतागलेल्या भागाला जरा बाजूला बसायला सांगता येईल का? पहारेकऱ्याचं काय म्हणणं आहे ते आपण ऐकू.’

पुढचे प्रश्न साधे होते. हे काम तू कधीपासून करतोस? काम सोडलेस तर काय होईल अशी तुला भीती वाटते? आणि तिसरा, मोठा अर्थपूर्ण प्रश्न : तुझ्या मते या माणसाचे वय आज काय आहे? गृहस्थांच्या तोंडून उत्तर आले, ‘चाळीस.’ ते स्वतः एकोणसाठचे होते. पहारेकऱ्याला वेळ बदलल्याचे कोणी सांगितलेच नव्हते. त्याच्या दृष्टीने ती संध्याकाळ अजून चालूच होती.

पहारेकऱ्याशी ओळख झाल्यावर, त्याच्या संमतीने आणि काही आठवड्यांनी, आतल्या खोलीचे दार उघडले. तिथे भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त होता : ‘मी हात सोडला.’ तो भाग बोलला, रडला. तो बोलत असताना एकोणसाठ वर्षांचे गृहस्थ त्याच्यापाशी शांत बसू शकले, हाच या उपचाराचा गाभा. ‘तुझ्या हातात होतं तेवढं तू केलंस,’ हे वाक्य त्यांना बायकोने, मित्रांनी शंभर वेळा ऐकवले होते. स्वतःच्या त्या भागाला ते स्वतः प्रथमच सांगत होते. सात-आठ महिन्यांनी दारू सुटली, झोप सुधारली. रॅकवर नजर अजून जाते, पण एकदाच. ११ जुलै आला की डोळे अजून भरतात. ते भरावेत. दुःख संपवणे हा उपचाराचा हेतू नसतो.

प्रत्येकाच्या मागे स्फोट असतो असेही नाही. कोणालाच ‘नाही’ म्हणू न शकणारी, सासर-माहेर दोन्हीकडे राबून रात्री अर्धशिशीने तळमळणारी गृहिणी घ्या. तिच्यातल्या कारभाऱ्याला विचारले तर तो सांगतो, ‘ही चिडली तर बाबा मारतील.’ त्या कारभाऱ्याच्या लेखी तिचे वय सात वर्षे असते.

किती सिद्ध, किती नाही

आघातोत्तर तणावविकारावर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो आघातकेंद्री विचार-वर्तन उपचारांचा आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणींवर काम करणाऱ्या ईएमडीआर या पद्धतीचा. ब्रिटनच्या २०१८ च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतही या दोन्हींचीच शिफारस आहे. सर्ट्रालिनसारख्या औषधांचाही काहींना चांगला उपयोग होतो. भागांच्या पद्धतीचा पुरावा अजून लहान आहे. २०१३ साली संधिवाताच्या ७९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात वेदना आणि उदासीनता कमी झाल्याचे दिसले. २०२१ साली बालपणीच्या आघातांचे बळी असलेल्या अवघ्या १७ प्रौढांवर झालेल्या अभ्यासात लक्षणे कमी झाली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून ही पद्धत आशादायक म्हणावी, रामबाण म्हणू नये. आधी भक्कम पुराव्याच्या पद्धतींचा विचार करावा आणि निवड तज्ज्ञांशी बोलून करावी.

काही गैरसमजही दूर करायला हवेत. भाग म्हणजे अंगात येणे नव्हे, भूतबाधा नव्हे आणि ‘अनेक व्यक्तिमत्त्वे’ हा सिनेमात दिसणारा आजारही नव्हे. भाग सर्वांनाच असतात. ज्यांना प्रत्यक्ष आवाज ऐकू येतात, आत्महत्येचे विचार येतात, ज्यांचे व्यसन जोरात आहे, त्यांनी प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे. चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. दोन दिवसांच्या शिबिरात आघात मुळापासून काढून देतो, मागच्या जन्मातले कारण शोधून देतो, असे सांगणाऱ्यांपासून लांब राहावे. घाईने उकरलेली जखम चिघळते आणि आग्रहाने विचारत राहिल्यास न घडलेल्या घटनाही ‘आठवू’ शकतात.

घरी करता येण्याजोगे

मोठ्या आघाताच्या आठवणी एकट्याने उकरू नयेत. रोजच्या लहान कुरबुरींसाठी मात्र पुढील गोष्टी निर्धास्तपणे करून पाहाव्यात.

पहिली : ‘मी रागीट आहे’ याऐवजी ‘माझ्यातला एक भाग चिडला आहे’ असे म्हणून पाहा. एवढ्या शब्दबदलानेही राग आणि आपण यांत वीतभर अंतर पडते.

दुसरी : तो भाग शरीरात कुठे जाणवतो ते पाहा. पाय जमिनीवर टेकवा, सावकाश दहा श्वास घ्या.

तिसरी : ‘कशाची भीती वाटते तुला?’ असे त्याला विचारा. उत्तर लगेच आले नाही तरी चालेल.

चौथी : त्याला दटावू नका. त्याने कधीकाळी तुम्हाला सांभाळले आहे. ‘आता मी आहे, मी बघतो’ एवढे सांगा. मनातली खळबळ वाढत आहे असे वाटले तर तिथेच थांबा, तोंडावर पाणी मारा, कोणाशी तरी बोला.

घरच्यांनी ‘विसरून जा’ हे दोन शब्द टाळावेत. विसरणे हातात असते तर तो माणूस केव्हाच विसरला असता. ‘सांगावंसं वाटलं तर मी आहे’ असे म्हणावे आणि खरोखर असावे.

मदत कोठे मिळेल

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही. मुंबईत परळचे केईएम, शीव, नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तसेच १९९० साली सुरू झालेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था आहे. खासगी उपचार घेताना समोरच्या व्यक्तीचे शिक्षण जरूर विचारावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. भागांच्या पद्धतीचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, हे विचारण्यातही संकोच नको. ज्यांना यातले काहीच जवळ नाही, त्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगावे. ‘डॉक्टर, एक जुनी गोष्ट आहे, ती अजून जात नाही,’ एवढे वाक्य पुरेसे आहे. पुढची वाट दाखवणे हे आमचे काम.